‘सेलिंग बाय’ : १२:४८ च्या आधीची तीन मिनिटं

उद्घोषकाच्या हातात अडीच मिनिटं उरली आहेत आणि बोलण्यासारखं काही नाही. बीबीसी रेडिओ ४ वर मध्यरात्रीच्या बातम्या झाल्या, साडेबाराचं पुस्तकवाचन झालं, आणि ते ठरलेल्या वेळेच्या थोडं आधीच संपलं. १२ वाजून ४८ मिनिटांनी जहाजांसाठीचा हवामान अंदाज सुरू झाला पाहिजे. आधी सुरू केला तर समुद्रावरच्या खलाशांनी रेडिओ लावलेलाच नसेल, उशिरा केला तर एक वाजेपर्यंत तो संपणार नाही. मधल्या या फटीत वर्षानुवर्षं एकच धून वाजत आली आहे. रोनाल्ड बिंज या इंग्रज संगीतकाराने १९६३ मध्ये लिहिलेला ‘सेलिंग बाय’ हा संथ वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची नृत्यधून.

हलकंफुलकं वाद्यवृंद संगीत, ज्याला तिकडे ‘लाइट म्युझिक’ म्हणतात, ते ब्रिटिश रेडिओवरून जवळपास पुसलं गेलं. त्यासाठी बांधलेले वाद्यवृंद मोडले, त्याचे कार्यक्रम बंद पडले, त्यात नाव कमावलेले संगीतकार आज जाणकारांपुरते उरले. मग हा एकच तीनेक मिनिटांचा तुकडा कसा तरला? ब्रिटिश माणसाला विचारलं तर तो म्हणेल, लोकांचा जीव आहे त्याच्यावर. तसा तो आहेही. पण लोकांचा जीव असलेल्या कितीतरी गोष्टी बीबीसीने निर्विकारपणे बंद केल्या आहेत. त्यातली एक तर याच धुनेची सख्खी शेजारीण होती. तिच्याकडे पुढे येतो. माझं म्हणणं असं, की ही धून टिकली ती तिच्याकडे नेमून दिलेलं काम होतं म्हणून, आणि ते काम करण्यासाठी ती आतून योग्य तऱ्हेने बांधलेली होती म्हणून. जीव नंतर जडला.

आधी अंदाजाबद्दल

धून ज्याची वाट दाखवते तो अंदाज समजल्याशिवाय धुनेचं काम कळत नाही.

२५-२६ ऑक्टोबर १८५९ च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ नावाचं जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ खडकांवर फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. ऑस्ट्रेलियातून सोनं घेऊन परतणारे लोक होते, घर अगदी दृष्टीच्या टप्प्यात आलं होतं. त्या वेळी सरकारी हवामान खातं रॉबर्ट फिट्झरॉय यांच्याकडे होतं. चार्ल्स डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या ‘बीगल’चे कप्तान ते हेच. तारायंत्राने किनाऱ्यावरून वाऱ्याच्या खबरा गोळा करायच्या आणि वादळ येतंय असं दिसलं तर बंदरांना आधी कळवायचं, ही व्यवस्था त्यांनी १८६१ मध्ये उभी केली. बंदरात खांबावर शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या काळ्या खुणा चढवल्या जात. आपल्या कोकण किनाऱ्यावर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असं म्हणतात, तो बावटा याच कुळातला.

१९२० च्या दशकात हा इशारा रेडिओवर आला. महायुद्धात बंद होता, कारण शत्रूच्या पाणबुड्यांनाही हवामान लागतं. नंतर पुन्हा सुरू झाला तो आजतागायत. ब्रिटनभोवतीचा समुद्र त्यासाठी ३१ प्रदेशांत वाटलेला आहे. व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साऊथ उत्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... घड्याळाच्या दिशेने फिरत ही यादी आइसलँडच्या आग्नेयेला संपते. १९५६ मध्ये हेलिगोलँड प्रदेशाचं नाव जर्मन बाइट झालं. फिनिस्टेर हे नाव स्पेनवाले वेगळ्या पाण्याला वापरत असल्यामुळे २००२ मध्ये ते काढून तिथे फिट्झरॉय हे नाव आलं; हवामान अंदाज करणाऱ्याच्या नावाचा समुद्र.

मजकूर ब्रिटिश हवामान खातं तयार करतं आणि त्याला शब्दमर्यादा आहे: ३५० शब्द. रात्रीच्या अंदाजाला ३८०, कारण पोर्तुगालखालचा ट्रफाल्गर हा प्रदेश सहसा याच वेळी वाचला जातो. क्रियापदं जवळजवळ नाहीत. वाऱ्याची दिशा आणि जोर, मग हवा, मग दृश्यता. ‘वारा’ हा शब्दही उच्चारत नाहीत, नुसतं ‘नैर्ऋत्य ५ ते ७’. ऐकणारा माणूस डोलणाऱ्या बोटीत पेन्सिलीने उतरवून घेतोय, हे गृहीत धरून ही भाषा घडलेली आहे. म्हणून वेग ठरलेला, क्रम ठरलेला आणि वेळही ठरलेली. ती हलवायची म्हटली तरी गहजब होतो. १९९५ मध्ये रात्रीचा अंदाज फक्त १२ मिनिटं सरकवण्याचा बेत होता, तर संसदेत विषय निघाला, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले आणि बेत बारगळला.

रात्रीच्या प्रसारणाला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत. अलीकडे १२:४८. पलीकडे १ वाजता ग्रीनिचचे सहा ठोके आणि तिथून पुढे पहाटेपर्यंत वर्ल्ड सर्व्हिस, म्हणजे बीबीसीची आंतरराष्ट्रीय वाहिनी. या बारा मिनिटांत सगळे समुद्र, किनाऱ्यावरच्या केंद्रांची निरीक्षणं, किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज, शुभरात्री आणि राष्ट्रगीत एवढं बसवायचं. समुद्र शांत असला की शेजारचे प्रदेश एकत्र वाचून वेळ वाचतो. वादळी रात्री प्रत्येक प्रदेशाचा नूर वेगळा, मग वाचनाचा वेग हाताने सांभाळावा लागतो. अशा रात्री १२:४८ चे १२:४९ झाले तर उद्घोषकाला राष्ट्रगीत कापावं लागेल. ते त्याला परवडणारं नाही.

तर अशी ही अडचण: उजवीकडची भिंत पक्की, डावीकडून येणारे कार्यक्रम मात्र कधी दहा सेकंद लांबतात, कधी दोन मिनिटं आधी संपतात. मध्ये काहीतरी लवचीक हवं. रेडिओवाले त्याला फिलर म्हणतात.

फिलर म्हणजे काय चीज असते

फिलर लावणं सोपं काम वाटतं. तसं ते नाही. आपल्याकडे रेडिओ ऐकत मोठ्या झालेल्यांना आठवत असेल: बातम्यांना मिनिटभर उरलंय म्हणून सतारीची गत लावली जायची. वादक विलंबितात जरा कुठे स्वर मांडू लागला, एखादी मींड अर्ध्यावर आहे, आणि खट्ट. शांतता, मग बातम्या. घरात कुणीतरी हळहळायचं. दोष सतारीचा नाही आणि उद्घोषकाचाही नाही. जी रचना उलगडायला वेळ मागते, जिच्यात पुढचं मागच्यावर उभं आहे, तिला कुठेही कापलं तरी जखम दिसते.

उलट बाजूही तितकीच अवघड. काहीच न घडणारा, नुसता दळण दळणारा आवाज लावला तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. म्हणजे फिलरला चेहरा हवा, पण गोष्ट नको. त्याने लक्ष वेधायचं, पण ते धरून ठेवायचं नाही. आणि रोज रात्री तेच वाजणार असेल तर हजाराव्या वेळीही अंगावर येता कामा नये.

प्रत्यक्षात हे दोन तऱ्हांनी केलं जातं. एक, आधीचा कार्यक्रम संपला की ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून लावायचं आणि वेळ झाली की आवाज हळूहळू खाली नेऊन तोडायचं. दुसरी तऱ्हा जास्त देखणी: धुनेची लांबी माहीत असते, म्हणून घड्याळाकडून उलटं मोजायचं. ती १२:४८ ला बरोबर संपावी अशा बेताने आधीच, फेडर (आवाज वर-खाली करायची सरकती कळ) बंद ठेवून, कुणाला ऐकू न येता सुरू करायची. कार्यक्रम संपला की फेडर वर. ऐकणाऱ्याला धून मधूनच उगवल्यासारखी वाटते, पण तिचा शेवट नीट होतो. पहिल्या तऱ्हेत शेपूट कापलं जातं, दुसऱ्या तऱ्हेत डोकं. चांगला फिलर दोन्ही सोसतो.

‘सेलिंग बाय’ दोन्ही सोसतो. तीन मात्रांचा ठेका, पहिली जड, पुढच्या दोन हलक्या. आपल्या कानाने ऐकायचं तर दादऱ्याचं अर्धं आवर्तन पुन्हापुन्हा. खाली तंतुवाद्यांची लांब, चढत-उतरत जाणारी चाल, वर बासरी तरंगते. ओळी आखूड आहेत आणि प्रत्येक ओळ जिथून निघाली त्याच्या आसपासच परत येते. समेवर यायला फार थांबावं लागत नाही, त्यामुळे कुठेही आवाज उतरवला तरी पुढच्या दोन-तीन सेकंदांत एक लहानसा मुक्काम सापडतोच. चाल परत येते तेव्हा ती ओळखीची असते, पण मध्ये काय घडलं ते कळलं नाही तरी बिघडत नाही. कळस आहे, तोही डोंगरासारखा नाही, लाटेसारखा; येतो, ओसरतो, दुसरा येतो. नावाप्रमाणेच, शेजारून शीड लावलेली नाव निघून जावी तसा हा वॉल्ट्झ निघून जातो. ती कुठून आली नि कुठे गेली हे पाहणाऱ्याला माहीत असायची गरज नाही.

यात प्रतिभा किती आणि कारागिरी किती? मला वाटतं बिंज यांच्या बाबतीत ही वाटणीच चुकीची आहे.

डर्बीचा कारागीर

रोनाल्ड बिंज यांचा जन्म १५ जुलै १९१० चा, डर्बीचा. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात होते. सतराव्या वर्षी सिनेमागृहात ऑर्गन वाजवू लागले. मूकपटांचा तो अखेरचा काळ. पडद्यावरचं दृश्य बदललं की वाजवणाऱ्याने हातातली चाल तिथेच आवरून दुसरी धरायची, ही त्या पेशाची रोजची कसरत. कुठेही थांबवता येईल असं संगीत कसं लिहायचं याचा पहिला धडा त्यांना तिथेच मिळाला असावा, हा माझा तर्क. दुसरा धडा छोट्या वाद्यवृंदांचा. असतील तेवढे वादक, नसतील ती वाद्यं सोडून द्यायची, आणि तरी भरगच्च वाजलं पाहिजे.

१९३५ च्या सुमारास ते मॅन्टोव्हानी या वाद्यवृंद-संचालकाच्या वाद्यवृंदासाठी संगीत-संयोजन करू लागले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. परतल्यावर १९५१ मध्ये त्यांनी मॅन्टोव्हानीसाठी जे केलं त्याने वाद्यवृंदाचा एक आवाजच जगभर ओळखीचा झाला. जुनं ‘शार्मेन’ हे गाणं घेतलं आणि व्हायोलिनवादकांचे गट पाडले. चालीतला पहिला स्वर पहिल्या गटाने धरायचा आणि सोडायचा नाही. दुसरा स्वर दुसऱ्याने, तिसरा तिसऱ्याने, आणि आधीचे मागे रेंगाळत राहतात. मोठ्या दगडी चर्चमध्ये गायलं की भिंतींवरून जसा स्वर परत येऊन पुढच्या स्वरात मिसळतो तसा परिणाम. घुमारा खोलीतून येत नव्हता, कागदावर लिहिलेला होता. धबधब्यासारखी कोसळणारी ही व्हायोलिनं म्हणजे मॅन्टोव्हानी असं समीकरण झालं, रेकॉर्डी लाखांनी खपल्या, नाव मॅन्टोव्हानीचं झालं. लिहिणारा बिंज. जुन्या हिंदी चित्रपटगीतांमध्ये गोव्याच्या वादकांनी वाजवलेल्या व्हायोलिनच्या भिंती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नातं वेगळं समजावून द्यायला नको: गाणं एकाचं, आवाज दुसऱ्याचा, आणि तो आवाज कागदावर मांडणारा तिसराच, ज्याचं नाव पाटीवर नसतं.

त्याच वर्षी त्यांनी स्वतःची एक रचना लिहिली. तिचं नाव साधं, वाद्यसंगीताच्या वहीत शोभेल असं होतं: ‘आंदान्ते कांताबिले’. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाली, नवं एलिझाबेथ युग आलं अशी हवा होती, आणि त्याच रचनेचं नाव ‘एलिझाबेथन सेरेनेड’ झालं. एक स्वरही न बदलता ती गाजली. नाव बदलल्याने संगीत वेगळं ऐकू येतं, हे बिंज यांना पक्कं माहीत होतं असं दिसतं. ‘सेलिंग बाय’ हे नाव नसतं, ‘वॉल्ट्झ क्रमांक अमुक’ असतं, तर जहाजांच्या अंदाजाआधी लावायला ते कुणाच्या हाताला लागलं असतं का? मला शंका आहे.

बिंज १९७९ मध्ये हॅम्पशायरमधल्या रिंगवूड इथे वारले. तोवर त्यांचा संगीतप्रकार घरातल्या जुन्या फर्निचरसारखा झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर बीबीसीची ‘लाइट प्रोग्रॅम’ नावाची वाहिनी बऱ्याच अंशी अशा संगीतावर चालायची. त्यामागे आवड जशी होती तसा एक रोकडा करारही होता: रेडिओवर रोज किती तास बाजारातल्या रेकॉर्डी वाजवायच्या यावर वादकांच्या संघटनेशी झालेल्या तडजोडीमुळे मर्यादा होती. उरलेले तास प्रत्यक्ष वाजवणाऱ्या माणसांनी भरायचे. माणसं वाजवणार म्हणजे त्यांना काहीतरी लिहून द्यायला माणसं हवीत. बिंज यांच्यासारख्यांची चूल त्यावर पेटायची. ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीने वाहिन्यांची फेररचना केली, पॉप संगीतासाठी रेडिओ १ आली, लाइट प्रोग्रॅमची रेडिओ २ झाली. पुढच्या काही वर्षांत या संगीताची जागा आटत गेली. त्याला कुणी मारलं नाही, त्याचे तास संपले.

ओळख पटवण्याचं काम

इथवर धुनेचं एकच काम सांगितलं, वेळ गिळण्याचं. दुसरं काम समुद्रावर होतं आणि ते जास्त महत्त्वाचं.

२३ नोव्हेंबर १९७८ ला बीबीसीच्या वाहिन्यांच्या लहरी बदलल्या. तोवर जहाजांचा अंदाज रेडिओ २ वर असे, कारण १५०० मीटरची लाँग वेव्ह तिच्याकडे होती. त्या दिवशी ती लहर रेडिओ ४ कडे आली आणि तिच्याबरोबर अंदाजही आला. लाँग वेव्ह जमिनीला आणि विशेषतः खाऱ्या पाण्याला धरून दूरवर जाते. वुस्टरशरमधल्या ड्रॉइटविचचे २१३ मीटर उंचीचे मनोरे १९३४ पासून हे काम करत आले. त्यांचा आवाज नॉर्थ सीच्या पलीकडे पोचायचा. एफएम तिथे फिरकतही नाही.

आता बोटीतल्या माणसाच्या जागी बसून पाहा. रात्र, वारा, रेडिओची सुई फिरवायची गोल खुंटी. लाँग वेव्हच्या पट्टीवर केंद्रं मोजकी, पण शेजार दाट. तेव्हा १६२ किलोहर्ट्झवर फ्रेंच, १८३ वर फ्रेंच, थोडं पुढे आणखी कुणी. खरखर आहे. माणसाचा बोलण्याचा आवाज खरखरीत कुठल्या भाषेतला आहे तेही पटकन कळत नाही. बातम्या देणारा इंग्रज आणि नाटकातला इंग्रज यांत फरक करायला दोन-तीन वाक्यं लागतात. पण ओळखीच्या चालीचे चार स्वर कानावर पडले की पुरे. ‘सेलिंग बाय’ ऐकू आलं म्हणजे सुई बरोबर जागी आहे, वहीचं पान उघडायला आणि पेन्सिल शोधायला अजून मिनिट-दोन मिनिटं आहेत. दीपगृहाचा दिवा खलाशी असाच ओळखतो. प्रत्येक दिव्याची लुकलुकण्याची लय वेगळी असते आणि त्या लयीवरून तो कुठला किनारा ते कळतं.

या कामासाठी धून रोज तीच असणं गरजेचं होतं. कुणाला कंटाळा आला म्हणून बदलून चालणार नव्हतं. रेडिओच्या बाकी सगळ्या संगीतावर नवं काही आणण्याचं दडपण असतं. हिच्यावर न बदलण्याचं होतं. लाइट म्युझिक बाहेर फेकलं जात असताना या एका तुकड्याला मिळालेलं हे संरक्षण, आणि ते रसिकतेशी संबंध नसलेल्या कारणाने मिळालेलं.

शेजारीण : ‘यूके थीम’

लोकांचा जीव पुरेसा असतो का, हे तपासायला तुलनेसाठी दुसरं उदाहरण हवं. ते आयतं मिळतं.

१९७८ च्या त्याच नोव्हेंबरपासून रेडिओ ४ चा दिवस पहाटे साडेपाचच्या सुमाराला ‘यूके थीम’ने उजाडायचा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या लोकधुना आणि खलाशांची गाणी एकमेकांत विणून केलेली पाचेक मिनिटांची वाद्यवृंद रचना. विणकाम खरोखर हुशार होतं, दोन वेगळ्या चाली एकाच वेळी वाजून एकमेकींना अडत नसत. ती केली फ्रिट्झ श्पीगल यांनी, जे ऑस्ट्रियात जन्मले, ज्यू म्हणून नाझींपासून जीव वाचवून मुलगा असताना इंग्लंडला आले आणि लिव्हरपूलच्या वाद्यवृंदात बासरी वाजवू लागले. (आपल्याकडे आकाशवाणीची सकाळची संकेतधून ज्यांची मानली जाते ते वॉल्टर कॉफमनही प्रागहून मुंबईला आलेले, त्याच संकटापासून दूर. देशाचा आवाज निर्वासिताने बांधावा, असं दोन देशांत झालं.)

२००६ मध्ये रेडिओ ४ चे तेव्हाचे प्रमुख मार्क डमाझर यांनी ठरवलं, की या पाच मिनिटांत ताज्या बातम्या देता येतील. ओरड झाली. हजारोंच्या सह्यांची निवेदनं गेली, संसदेत प्रस्ताव आला, राजकारणी बोलले. २३ एप्रिलला, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय संताच्या, सेंट जॉर्जच्या दिवशी, ती शेवटची वाजली. पुन्हा आली नाही.

बघा, दोन्ही वाद्यवृंद रचना, दोन्ही त्याच वाहिनीवर, दोन्ही लोकांच्या लाडक्या, दोन्हींच्या आसपास जहाजांचा अंदाज. एक गेली, एक राहिली. फरक कुठे? ‘यूके थीम’ आधीची वर्ल्ड सर्व्हिस सेकंदाच्या हिशेबाने संपायची, म्हणून तिथे फट नव्हतीच; होती ती पाच मिनिटांची पूर्ण खोली, आणि खोली दुसऱ्या भाडेकरूला देता येते. ‘सेलिंग बाय’ ज्या जागेत राहते ती खोली नाही, दाराची फट आहे. आज तीन मिनिटं, उद्या चाळीस सेकंद. त्या मापाचा कार्यक्रम करता येत नाही, बातम्यापत्रही करता येत नाही. शिवाय श्पीगल यांची रचना गोष्ट सांगणारी होती, एक देश मग दुसरा, अमुक चालीनंतर तमुक. अर्धवट कापली तर कुणाचा तरी देश राहून जाणार! ती पूर्णच वाजवावी लागे. तिच्या हुशारीनेच तिला ताठ केलं, असं माझं मत.

अर्थात डमाझर यांच्या जागी संगीताचा शौकीन माणूस असता तर निर्णय वेगळा झाला असता, हेही शक्य आहे. प्रशासनात व्यक्तीचा वाटा असतोच. पण शौकीन माणूस बदलून जातो, फट राहते.

आता

व्यापारी जहाजांना हवामान आता उपग्रहावरून आणि ५१८ किलोहर्ट्झवरच्या नॅव्हटेक्स यंत्रावरून छापील मिळतं. छोट्या नौकांवाले आणि काही मच्छीमार अजून रेडिओ ऐकतात, पण मध्यरात्रीनंतरच्या श्रोत्यांत मोठी संख्या कोरड्या जमिनीवर अंथरुणात पडलेल्यांची आहे. त्यांना डॉगरमधल्या वाऱ्याशी काही देणंघेणं नाही. पल्प या बँडचे गायक जार्विस कॉकर यांनी २००५ मध्ये ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या जुन्या कार्यक्रमात निर्जन बेटावर न्यायच्या आठ रेकॉर्डींमध्ये ‘सेलिंग बाय’ निवडली. त्यांना ती झोपायला मदत करायची. लक्ष वेधावं पण धरून ठेवू नये, हा फिलरचा गुण. झोप आणणाऱ्या संगीताचीही अपेक्षा तीच.

ओळख पटवण्याचं काम तर जवळपास संपलं. मोबाइलवर सुई फिरवावी लागत नाही, वाहिनीचं नाव पडद्यावर लिहिलेलं असतं. २०२४ च्या एप्रिलपासून रेडिओ ४ ने लाँग वेव्हसाठीचे वेगळे कार्यक्रम बंद केले, त्याबरोबर फक्त लाँग वेव्हवर जाणारी अंदाजाची प्रसारणंही गेली. रात्री १२:४८ चा अंदाज मात्र जागेवर आहे. डिजिटल रेडिओवर आणि इंटरनेटवर तोही काही सेकंद मागे पडून पोचतो, म्हणजे एकच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्यात अर्थ उरलेला नाही. स्टुडिओत मात्र हिशेब जुनाच. भिंतीवरच्या घड्याळात १२ वाजून ४७ मिनिटं आणि काही सेकंद, उद्घोषकाचं एक बोट फेडरवर, समोर ३८० शब्दांच्या मर्यादेत बसवलेला कागद. बासरी एका ओळीच्या मध्यावर आहे. बोट खाली येऊ लागतं.